चुनीलालआप्पांची पुढची सीट

मी एक जुनी प्रवासी बॅग आहे आणि मला फार राग आलेला आहे. मित्रांनो, बॅगा सहसा रागावत नाहीत. कोंबा, आपटा, टपावर फेका, वर कोणीतरी बसा, आम्ही मुकाट्यानं सहन करतो. आपली कहाणी सांगताना इतर वस्तू तुमच्या डोळ्यांत पाणी आणतात, तेही मला ठाऊक आहे. मला ते जमणार नाही. जे माझ्यादेखत घडलं ते आठवलं की माझी चेन अजून तटतटते.

माझा जन्म सुरतेच्या एका कारखान्यात झाला. गडद निळं जाड कापड, खाली दोन चाकं, वर ओढायचा दांडा, बाजूला कप्पे आणि खांद्याला अडकवायचा एक रुंद पट्टा, असं माझं रूप. आम्ही सगळ्या बहिणी एकसारख्या. शिवून झाल्यावर एका माणसानं आमच्या पोटावर सोनेरी अक्षरांत छापलं, ‘गरुडवेग ट्रॅव्हल्स, सुवर्णपंख सभासद’. मग दांड्यावर एक प्लास्टिकचं लेबल पक्कं ठोकलं. त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं ते चित्र होतं, ज्याच्यावर मोबाईल धरला की टुंग असा आवाज येतो. बाकीच्या बाजारू बॅगांना असलं काही नव्हतं. त्यामुळे मी त्यांच्याकडे जरा नाक मुरडूनच बघायची.

तिथून आम्ही शहाद्याला आलो. गरुडवेगच्या बस शहाद्याहून निघून प्रकाशा, नंदुरबार, खांडबारा, नवापूर करत सुरतेला जातात. मालकांचा मुलगा भाग्येश बाहेरून शिकून परत आला होता आणि वडिलांच्या धंद्यात नवं काहीतरी करून दाखवायचं त्याच्या मनात होतं. ऑफिसात पेढे वाटून त्यानं आमचं उद्घाटन केलं. मी टेबलावरच होते, त्यामुळे त्याचं भाषण मी शब्दन् शब्द ऐकलं. तो म्हणाला, आपल्याकडचा माणूस आज आपल्या गाडीत बसतो, उद्या दुसऱ्याच्या, परवा एसटीत, नाहीतर नंदुरबारला जाऊन रेल्वे धरतो. गिऱ्हाईक टिकवायचं तर त्याला बांधून घ्यावं लागतं. विमानवाले हेच करतात, मोठी हॉटेलं हेच करतात. ही बॅग एकदा घरात शिरली आणि पॉइंट जमायला लागले, की माणूस दुसऱ्या गाडीकडे वळूनसुद्धा बघणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपण नुसतं सामान नेणारी बॅग नसून माणसं बांधून ठेवणारी वस्तू आहोत, हे ऐकून मी फुगले. आत काही नसतानाही फुगले.

योजना अगदी सोपी होती. बसमध्ये चढताना हेल्परनं बॅगेच्या लेबलावर मोबाईल धरायचा. टुंग वाजलं की सभासदाच्या नावावर पॉइंट चढायचा. महिन्याभरात पॉइंट ठरलेल्या रेषेच्या वर राहिले तर सभासद सुवर्णपंख, आणि सुवर्णपंखाला ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट. रेषेच्या खाली घसरला तर पंख कापले आणि सीटही गेली. त्या सीटला सोनेरी कव्हर चढवलं आणि तिच्यावर नजर ठेवायला छतात एक कॅमेरा बसवला. माणसांना सीट पुरत नसताना सीटवर पहारा बसवायची बुद्धी ज्याला होते, त्याला आपण काय म्हणणार? भाग्येशला सगळे हुशार म्हणत होते.

आता चुनीलालआप्पांविषयी सांगते, कारण ही कहाणी माझी कमी आणि त्यांच्या पाठीची जास्त आहे. प्रकाशाला तापीच्या काठी आप्पांची केळीची बाग आहे. गुजर माणूस, कामाला वाघ आणि बोलायला कंजूष. एकदा केळीचे घड ट्रकमध्ये भरताना ते फळीवरून घसरले आणि थेट पाठीवर आपटले. सुरतेला मणक्याचं ऑपरेशन झालं, पाठीत स्क्रू बसले. हळूहळू ते काठी टेकत बागेपर्यंत जाऊ लागले. पण महिन्यातून एकदा सुरतेला जाऊन डॉक्टरांना दाखवणं भागच होतं, आणि डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं की पाठीला हादरा बसता कामा नये. जीपच्या बसक्या सीटवर आप्पांना बसता येत नव्हतं. रेल्वेचा जिना त्यांना चढवत नव्हता. बसमधली ड्रायव्हरमागची सीट तेवढी त्यांना मानवली होती. तिथे पाठ ताठ राहायची, पाय पसरायला जागा मिळायची आणि मागच्या चाकांचे दणके पोचत नसत.

योजना येण्याआधी ही सीट त्यांना उदेसिंग द्यायचा. उदेसिंग हा गरुडवेगचा ड्रायव्हर, धडगावकडचा, मिशीवाला, शांत माणूस. फाट्यावर आप्पा उभे दिसले की तो त्या सीटवर बसलेल्या माणसाकडे वळून नुसती मान हलवायचा. माणूस उठायचा, आप्पा बसायचे. त्यात कोणाला उपकार केल्यासारखं वाटायचं नाही आणि कोणी आभारही मानायचं नाही. प्रकाशाला त्या बसला गरुडवेग म्हणणारं माणूस शोधूनही सापडलं नसतं. लहानथोर सगळे तिला ‘उदेसिंगनी गाडी’, म्हणजे उदेसिंगची गाडी, म्हणत. माझ्या पोटावरच्या सोनेरी नावाची गावात ही किंमत होती.

मग योजना आली आणि उदेसिंगची मान हलायची बंद झाली. आता सीट कोणाची ते मोबाईल सांगणार होता. मित्रांनो, माझ्या रागाची पहिली ठिणगी इथे पडली. माणसाला माणूस म्हणून जे आपसूक मिळत होतं ते आधी हिसकावून घ्यायचं, मग त्यालाच सोनेरी कव्हर घालून बक्षीस म्हणून समोर धरायचं, आणि वर म्हणायचं की बघा आम्ही तुम्हाला किती मानतो.

आप्पांची बायको सुगंधाबाई. त्यांनी काही तक्रार केली नाही. त्या शहाद्याला गेल्या, स्वतःच्या नावानं सभासद झाल्या आणि मला डोक्यावर घेऊन घरी आल्या. मला चाकं आहेत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सीट त्यांच्या नावाची, पण बसणार आप्पा, आणि त्या स्वतः मागे मिळेल तिथे बसणार, असं त्यांनी ठरवलं होतं.

पहिल्याच महिन्यात पंचाईत झाली. नवराबायकोची सुरतेची फेरी महिन्यातून एकच. तेवढ्यानं ती रेषा गाठता येणार नव्हती. सुगंधाबाई रोज मला पुसून कपाटावर ठेवायच्या आणि माझ्याकडे बघत विचार करायच्या, की आता आणखी कुठे जायचं आणि आप्पांना कोणाच्या भरवशावर सोडायचं.

तो प्रश्न त्यांनी सोडवलाच नाही. तो गल्लीनं सोडवला. आमच्या गावाची एक रीत आहे. एका घरात चांगली वस्तू आली की ती गल्लीची होते. मोठं पातेलं, शिडी, लग्नातली सतरंजी यांचं जे होतं तेच माझं झालं. शेजारच्या कमलबाईंना बारडोलीला लेकीकडे, चेतनाकडे जायचं होतं आणि त्यांच्या बॅगेचा पट्टा तुटलेला होता. त्या मला घेऊन गेल्या. बसमध्ये चढताना माझ्यावर टुंग वाजलं, तेव्हा त्या दचकल्या. उदेसिंगनं त्यांना समजावलं की घाबरू नका, सुगंधामायच्या नावावर पॉइंट चढला, आप्पांची सीट पक्की व्हायला मदत झाली. कमलबाई बारडोलीला जाऊन आल्या. लेकीची खुशाली सांगायच्या आधी त्यांनी ही बातमी गल्लीभर सांगितली.

झालं, त्या दिवसापासून माझी चाकं जमिनीला लागली नाहीत. मयूरी नवापूरच्या कॉलेजात जायची, ती मला घेऊन जायची. तिला बंद काचांच्या गाडीत मळमळायचं, तरी ती लिंबू हुंगत बसायची. खांडबाऱ्याच्या बाजाराला निघालेले भिलादादा मला रिकामीच घेऊन गेले आणि भाजी वेगळ्या गोणीत भरून आणली, कारण सुगंधाबाईंची बॅग मळली असती. एकदा माझ्यात नुसती एक टोपी होती. एसटीत बायकांना सवलत आहे, तरी आमच्या बायका समोरची एसटी सोडून गरुडवेगची वाट बघत उन्हात उभ्या राहायच्या. नंदुरबारहून रेल्वेनं आरामात जाणारे लोकही फाट्यावर येऊन थांबू लागले. जो कोणी प्रवासाला निघे, तो आधी सुगंधाबाईंच्या दाराशी येऊन बॅग मोकळी आहे का विचारी. सुगंधाबाई मला देताना माझ्यात मूठभर शेंगदाणे नाहीतर दोन केळी ठेवायच्या. नेणाऱ्यानं ती वाटेत खायची, असा नियमच झाला होता.

मी मात्र ताठ्यात होते. मला वाटायचं, बघा, भाग्येश खरं बोलला. सगळं गाव एकाच कंपनीला धरून आहे आणि ते माझ्यामुळे. गाव कोणाला धरून होतं ते मला तेव्हा कळलं नाही. पण मी निदान कापडाची आहे. भाग्येशला तर डोकं होतं.

त्याच्या कॉम्प्युटरवर सुगंधाबाईंचं नाव सगळ्यांच्या वर जाऊन बसलं. सकाळी सुरत, दुपारी नवापूर, दुसऱ्या दिवशी पुन्हा बारडोली. साठी उलटलेली बाई इतकी कशी फिरते, असा प्रश्न त्याला पडायला हवा होता. तो त्याला पडला नाही, कारण उत्तर त्याला हवं तेच होतं. त्यानं शहाद्याच्या एका मंगल कार्यालयात सत्कार ठरवला, ‘गरुडवेगच्या सर्वांत निष्ठावान प्रवासी’. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातले लोक आले, बुकिंग एजंट आले. भाग्येशला ही योजना धुळे, जळगावकडे न्यायची होती, त्यासाठी भागीदारीत पैसा घालणारे पाहुणेही पहिल्या रांगेत बसले होते. मला चौरंगावर ठेवून हार घातला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी खूश होते.

सुगंधाबाईंना शाल दिली, नारळ दिला. मग भाग्येशनं त्यांच्यापुढे माइक धरला आणि विचारलं, “काकू, इतक्या गाड्या असताना तुम्ही आमच्याच गाडीनं एवढा प्रवास का करता, ते जरा सगळ्यांना सांगा.”

तुम्हीच सांगा, आपल्याकडे सत्काराला उत्तर देताना मोठं माणूस काय करतं? मान आपल्याकडे ठेवून घेत नाही. वाटून टाकतं. सुगंधाबाईंनी तेच केलं. त्यांनी पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “भाऊ, मी कोठे फिरस? मी तं महिनामा एकदाव यासले लिसन दवाखानामा जास. बाकीना दिन मन्ही बॅग फिरस. हाऊ सत्कार मन्हा नई, गावना शे.”

आपण महिन्यातून एकदाच आप्पांना दवाखान्यात नेतो, बाकीचे दिवस नुसती बॅग फिरते, म्हणून सत्कार गावाचा, असं म्हणून मग त्यांनी एकेकाचं नाव घेऊन आभार मानले. कमलबाईंचे, मयूरीचे, भिलादादांचे. आप्पांची पुढली सीट जाऊ नये म्हणून लोकांनी किती त्रास सोसला ते सांगितलं. रिकामी बॅग नेल्याचं सांगितलं. टोपीचंही सांगितलं. ड्रायव्हर उदेसिंग फार भला माणूस असल्याचं आवर्जून सांगितलं. सगळं मंगल कार्यालय खो खो हसलं. पहिल्या रांगेतले पाहुणेही हसले, पण ते भाग्येशकडे बघून हसले. सुगंधाबाईंना वाटलं, आपण चांगलं बोललो. खाली येऊन त्यांनी नारळ कमलबाईंच्या हातात दिला.

भाग्येशचा चेहरा मी चौरंगावरून पाहिला. त्याच क्षणी त्याला एक गोष्ट कळायला हवी होती. एका म्हाताऱ्याच्या पाठीसाठी अख्खं गाव मळमळ सोसत त्याच्या गाडीत बसत होतं. असं गिऱ्हाईक दुसऱ्या कुठल्या ट्रॅव्हल्सला पैसे मोजून मिळालं नसतं. त्याला ते टिकवायला फक्त एक सीट द्यायची होती, आणि ती आधीपासून दिलेलीच होती. पण त्याला एवढंच कळलं की चार पाहुण्यांसमोर आपलं हसं झालं.

पुढच्या वेळी आप्पा आणि सुगंधाबाई सकाळी फाट्यावर उभे राहिले. सुरतेच्या डॉक्टरांची वेळ त्याच दिवसाची होती. बस आली. हेल्परनं माझ्या लेबलावर मोबाईल धरला. टुंग वाजलं नाही, दुसराच कर्कश आवाज आला. सभासदत्व गैरवापरामुळे रद्द केलं आहे, असं मोबाईलवर आलं. गैरवापर. शेंगदाणे आणि केळी घालून मला लोकांच्या हाती देणाऱ्या बाईसाठी त्यांनी हा शब्द शोधून काढला होता.

ड्रायव्हरमागची सीट मोकळी होती. तिच्यासाठी कोणी सभासद त्या दिवशी नव्हताच. उदेसिंगनं खाली उतरून भाग्येशला फोन लावला. सीट रिकामी आहे, आप्पांना बसवतो, असं तो परत परत सांगत होता. पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

“रिकामी तर रिकामी जाऊ दे. कॅमेऱ्यात कोणी बसलेलं दिसलं तर उद्यापासून कामावर येऊ नकोस.”

उदेसिंगनं फोन खिशात टाकला आणि आप्पांचा हात धरून त्यांना त्या सीटकडे नेऊ लागला. आप्पांनीच आपला हात सोडवून घेतला. आपल्या पाठीपायी दुसऱ्याची भाकरी जावी हे त्यांना पटलं नाही. मधल्या एका माणसानं उठून आपली जागा देऊ केली. पण तिथे दोन सीटांमध्ये इतकं कमी अंतर की आप्पांना वाकून आत शिरताच येईना. बाकी बस शहाद्यापासूनच भरून आली होती. राहिली ती शेवटच्या लांब सीटवरची मधली जागा. तिच्यापुढे पाय पसरायला वाट होती, आणि खाली मागची चाकं होती.

नंदुरबारपर्यंत रस्ता बरा होता. आप्पांनी मला मांडीवर उभं धरलं होतं आणि माझ्यावर भार देऊन ते बसले होते. सुगंधाबाईंनी त्यांच्या पाठीमागे आपला तळहात घातला होता. खांडबारा मागे पडलं आणि रस्त्याचं काम लागलं, नुसती खडी टाकलेली. उदेसिंग गाडी अगदी बैलगाडीच्या चालीनं नेत होता, तरी प्रत्येक दणका मागच्या चाकांतून सरळ वर यायचा. आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी माझा पट्टा तोंडात धरला आणि दात आवळले. मित्रांनो, मी माणसांचे हात ओळखते, खांदे ओळखते. माणसाचे दात मला तेव्हा पहिल्यांदा कळले. पट्ट्याच्या जाड कापडातून ते आरपार गेले.

आणि त्या वाटेतून, समोर, मला ती सीट दिसत होती. सोनेरी कव्हर घातलेली, रिकामी, प्रत्येक खड्ड्याला आरामात डुलणारी. आमच्याबरोबर ती नंदुरबारला होती, खांडबाऱ्याला होती. नवापूरला गाडी थांबली तेव्हा हेल्परनं तिच्यावरची धूळ फडक्यानं झटकली. गाडीत एवढी माणसं होती. सगळ्यांना मागचं दिसत होतं आणि पुढचंही दिसत होतं. काहीजण मागे बघून चुकचुकले. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. उदेसिंगचा फोन मात्र सारखा वाजत होता, गाडीला उशीर का होतोय म्हणून.

सुरतेला डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे काढला. पाठीतला एक स्क्रू हलला होता. जे सावरायला वर्ष लागलं होतं ते एका सकाळीत गेलं. पुन्हा ऑपरेशन झालं. आप्पा घरी आले ते रुग्णवाहिकेतून, आडवे. बागेत जाणं बंद झालं. आता ते ओसरीतल्या खाटेवर पडून केळीच्या पानांची सळसळ ऐकतात.

यावर गावात सभा झाली नाही, मोर्चा निघाला नाही, कोणी कोणाला काही शपथ घातली नाही. आप्पांना घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर नेहमीसारखी माणसं उभी होती. गरुडवेगची बस आली, दार उघडलं. कोणी चढलं नाही. उदेसिंगनं हॉर्न वाजवला. कमलबाई पाठ फिरवून उभ्या राहिल्या. मयूरी मोबाईलमध्ये बघत राहिली. उदेसिंगनं सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं, पुन्हा हॉर्न वाजवला नाही, आणि दार लावून रिकामी गाडी पुढे नेली. थोड्या वेळानं, त्याच रस्त्यावर स्वतःची एकुलती गाडी चालवणाऱ्या दोधूची बस आली. दोधूची बस म्हणजे काय सांगू? सीटा फाटलेल्या, काचा खडखडणाऱ्या, पंखा एकच आणि तोही दोधूच्या तोंडावर. सगळे तिच्यात चढले. दुसऱ्या दिवशीही चढले, तिसऱ्याही. महिना संपायच्या आत उदेसिंगनं गरुडवेगच्या टेबलावर चावी ठेवली आणि तो दोधूकडे आला. तेव्हापासून त्या खटाऱ्याला गावात ‘उदेसिंगनी गाडी’ म्हणतात. तिच्या पहिल्या सीटवर त्यानं एक घडी घातलेली गोधडी बांधून ठेवली आहे. आप्पा बसू लागतील तेव्हा लागेल म्हणून.

प्रकाशाचा फाटा रिकामा पडला, मग पुढच्या गावांचे फाटेही पडत गेले, तेव्हा भाग्येशला जाग आली. तो स्वतः सुगंधाबाईंच्या घरी आला. मिठाईचा मोठा पुडा, नवं चकचकीत कार्ड, सोबत एक माणूस. ओसरीत आप्पा खाटेवर होते, मी त्यांच्या उशाशी होते. सुगंधाबाईंनी पाहुण्याला पाणी दिलं, चहा ठेवला. दारी आलेल्याला त्या उपाशी परत पाठवत नाहीत, मग तो कोणीही असो. मला ते बघवत नव्हतं. माझ्या हातात असतं तर मी तो कप उलथून टाकला असता.

भाग्येश बराच वेळ बोलत होता. झालं ते कॉम्प्युटरकडून झालं, असं तो म्हणाला. ज्या फोनवरून तो स्वतः बोलला होता, तोच त्याच्या हातात होता. सुगंधाबाईंना दुप्पट पॉइंट देतो म्हणाला. सगळ्या गावाला सभासद करून घेतो, घराघरात बॅग देतो म्हणाला. मग त्यानं आवाज मऊ केला आणि विचारलं की दोधू तुम्हाला असं काय देतो, ते तरी कळू द्या. सुगंधाबाई चहा गाळत होत्या. त्या म्हणाल्या, काहीच देत नाही. भाग्येशला ते खरं वाटलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, आणि त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

शेवटी तो खाटेजवळ आला आणि वाकून म्हणाला, “आप्पा, पुढची सीट आता कायमची तुमच्यासाठी राखून ठेवतो. माझा शब्द आहे.”

आप्पा इतका वेळ वर छताकडे बघत होते. त्यांनी मान वळवता येईल तेवढी वळवली.

“ती त्या दिनबी राखेलच व्हती भाऊ,” ते म्हणाले. “सुरतलगून रिकामी गयी.”

भाग्येशनं चहा तसाच ठेवला. मिठाईचा पुडा सुगंधाबाईंनी त्याच्या माणसाच्या हातात परत दिला. दोघे गाडीत बसून शहाद्याकडे निघून गेले.

मित्रांनो, उद्या तुम्हालाही कोणी बॅग देईल, कार्ड देईल, पॉइंट देईल. खुशाल घ्या. पण तेवढ्यावरून कोणी तुमच्यावर प्रेम करतं असं समजू नका, आणि तुम्हीही त्या कंपनीच्या नावाला जीव लावू नका. जीव माणसाला लावायचा असतो. देणाऱ्यांना एवढंच सांगते की माणूस पॉइंटानं बांधला जात नाही, त्याची पाठ सांभाळली की तो आपण होऊन येतो. आणि गाडीत कोणी दुखणं घेऊन मागे बसलेलं असेल आणि पुढे सीट रिकामी असेल, तर माझ्यासारखे मांडीवर पडून राहू नका. मला पाय नव्हते, तुम्हाला आहेत. उठा, त्या माणसाला हाताला धरून पुढे न्या आणि बसवा. कॅमेरा बघत असेल तर बघू दे. त्या सकाळी गाडीतली सगळी माणसं एकदम उठली असती, तर आज चुनीलालआप्पा बागेत असते.